२.४ गिगाहर्ट्झचं गायरान

१९४७ साली अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीमध्ये जगभरच्या देशांचे प्रतिनिधी रेडिओलहरींची वाटणी करायला बसले. जहाजांना कोणता पट्टा, विमानांना कोणता, नभोवाणीला कोणता, हे ठरत असताना काही पट्टे बाजूला काढले गेले. तिथे निरोप पाठवायचेच नव्हते. उद्योगधंद्यांत वस्तू तापवणारी, दवाखान्यात रुग्णाच्या सांध्यांना शेक देणारी यंत्रं रेडिओलहरींवर चालत आणि चालताना आसपासच्या रेडिओंना हैराण करत. त्यांनी घालायचा तो गोंधळ इथेच घालावा, असा हिशेब होता. २४५० मेगाहर्ट्झच्या आजूबाजूचा पट्टा त्यांतलाच एक. दोनच वर्षांपूर्वी, १९४५ मध्ये, रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांनी रडारमधल्या मॅग्नेट्रॉनवर अन्न शिजवायच्या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज केला होता. पुढे घराघरांतल्या मायक्रोवेव्ह ओव्हनने याच पट्ट्यात बस्तान बसवलं. पाण्याचा रेणू नेमक्या याच वारंवारतेला घुमतो म्हणून ती निवडली, असं पुष्कळ ठिकाणी छापून येतं. ते खरं नाही. पाणी त्याहून कितीतरी खालच्या आणि वरच्या लहरींनीही तापतं. कारखान्यांतल्या मोठ्या भट्ट्या ९१५ मेगाहर्ट्झवरही चालतात.

जिथे ओव्हन गुरगुरतात तिथे आपला रेडिओ कोण लावणार? म्हणून हा पट्टा पुढची जवळजवळ चार दशकं तसा दुर्लक्षितच राहिला. आज खिशातला फोन, कानातले इअरफोन, भिंतीवरचा राउटर, मांडीवरचा लॅपटॉप हे सगळे तिथेच दाटीवाटीने नांदतात. त्यांना नांदवण्याचा खरा पेच पडला तो १९९९ ते २००३ या चार वर्षांत. त्या वर्षांची हकिगत मला महत्त्वाची वाटते, कारण त्यात आड आला तो एक नियम, आणि तो नियम इतरांना त्रास होऊ नये म्हणूनच केलेला होता.

सुरुवात १९८५ पासून करावी लागेल. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनमध्ये मायकेल मार्कस नावाचे अभियंते होते. लष्कराकडे असलेलं स्प्रेड स्पेक्ट्रमचं तंत्र सामान्य लोकांच्या हाती द्यावं, आणि तेही परवान्याशिवाय, असं त्यांचं म्हणणं. रेडिओ उद्योगातून विरोध झाला. १९८१ पासून चाललेल्या चौकशीनंतर ९ मे १९८५ रोजी आयोगाने नियम मंजूर केले आणि तीन पट्टे खुले झाले: ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ, २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ आणि ५७२५ ते ५८५० मेगाहर्ट्झ. कमाल शक्ती एक वॉट. अट मात्र दुहेरी होती. दुसऱ्याला अपायकारक त्रास द्यायचा नाही, आणि दुसऱ्याकडून होणारा त्रास मुकाट सोसायचा. गावच्या गायरानात कोणीही गुरं सोडावीत, पण शेजाऱ्याच्या गुरांनी चारा संपवला म्हणून चावडीवर जाता येऊ नये, तशातली ही व्यवस्था.

परवाना नसला तरी शिस्त होती. यंत्राने आपली शक्ती एका अरुंद जागी एकवटायची नाही, ती पसरून टाकायची. त्यासाठी दोन वाटा होत्या. एक, संदेश मुद्दाम रुंद करून पातळ थरासारखा मोठ्या पट्ट्यावर पसरवायचा. दुसरी, संदेश अरुंदच ठेवायचा, पण दर क्षणी वारंवारता बदलत उड्या मारत राहायचं.

उड्या मारण्याचा विषय निघाला की हेडी लामारचं नाव येतंच. ऑस्ट्रियात जन्मलेली ही हॉलिवूडची नटी आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ११ ऑगस्ट १९४२ रोजी पाणतीर चालवण्याच्या गुप्त संदेश-यंत्रणेचं पेटंट मिळालं. शत्रूने एका वारंवारतेवर गोंगाट सोडून पाणतीर बहकवू नये म्हणून जहाज आणि पाणतीर दोघांनी एकाच वेळी, एकाच क्रमाने वारंवारता बदलत राहायचं. तो क्रम आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या छिद्रांच्या कागदी पट्टीसारख्या पट्टीवर ठेवायचा, आणि वारंवारता ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. अँथाइलने पूर्वी अनेक यांत्रिक पियानो एकत्र वाजवण्याची रचना केलेली होती, तो अनुभव इथे कामी आला. नौदलाने ते यंत्र त्या युद्धात वापरलं नाही. या बाईंनीच वायफाय आणि ब्लूटूथ शोधलं, असं हल्ली सर्रास लिहिलं जातं; इतका सरळ वारसा दाखवता येत नाही. उड्यांची कल्पना त्यांच्याआधीही इतरांनी मांडली होती, आणि लष्करी तंत्र पुढे वेगळ्या हातांनी घडलं. पण अरुंद जागी बसलेल्या गोंगाटापासून वाचायचं तर एका जागी थांबू नये, ही गोष्ट त्या पेटंटात अतिशय स्वच्छपणे मांडलेली आहे, आणि तेवढं श्रेय त्यांना मनापासून द्यावं.

आता तो नियम. आयोगाने उड्या मारणाऱ्यांना सांगितलं की २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात किमान ७५ वारंवारता वापरा. ३० सेकंदांच्या काळात कोणत्याही एका वारंवारतेवर ०.४ सेकंदापेक्षा जास्त थांबू नका. आणि सरासरीने सगळ्या वारंवारता सारख्याच वापरा. हेतू उघड होता. कोणीही एका जागी ठाण मांडू नये. त्रास झालाच तर तो सगळ्यांमध्ये थोडा थोडा वाटला जावा.

या मोकळ्या जागेत पहिल्यांदा कामाला लागले दुकानांच्या गल्ल्यांची यंत्रं बनवणारे. एनसीआर कंपनीला गल्ल्याची यंत्रं तारेशिवाय जोडायची होती, कारण दुकानाची मांडणी बदलली की तारा पुन्हा ओढाव्या लागत. नेदरलँड्समधल्या तिच्या केंद्रातले व्हिक्टर हेज १९९० पासून दहा वर्षं आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेच्या ८०२.११ या समितीचे अध्यक्ष होते. १९९७ मध्ये पहिलं मानक आलं, सेकंदाला एक-दोन मेगाबिट वेगाचं. १९९९ मध्ये ८०२.११बी आलं, ११ मेगाबिटचं, आणि त्याच वर्षी स्टीव्ह जॉब्ज यांनी न्यूयॉर्कच्या मंचावर तार नसलेल्या आयबुकवर इंटरनेट चालवून दाखवलं. तेच वायफाय. त्याने पसरण्याची वाट धरली होती. त्याचं एक चॅनेल २२ मेगाहर्ट्झ रुंद. ते एकदा निवडलं की तिथेच राहायचं, आणि बोलण्याआधी कान देऊन ऐकायचं, हवा मोकळी असेल तरच बोलायचं.

दुसरीकडे स्वीडनमधल्या लुंड शहरात एरिक्सन कंपनीत १९९४ पासून याप हार्टसेन हे डच अभियंते, आणि पुढे स्वेन मॅटिसन, फोन आणि हेडसेट यांच्यातली तार काढून टाकण्याच्या मागे लागले होते. तोच ब्लूटूथ. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा यांनी मिळून संघ काढला, १९९९ मध्ये पहिली आवृत्ती आली. हे उड्यांच्या वाटेने गेलं. एक मेगाहर्ट्झ रुंदीची ७९ चॅनेलं, सेकंदाला १,६०० उड्या, म्हणजे एका जागी मुक्काम ६२५ मायक्रोसेकंदांचा. ओव्हनचा, गॅरेज उघडणाऱ्या रिमोटचा, कोणाचाही गोंगाट असला तरी पुढच्या क्षणी आपण तिथे नसणारच, हा त्यामागचा भरवसा. त्यामुळे बोलण्याआधी ऐकायची पद्धत त्यात ठेवलीच नव्हती. पाळी आली की बोलायचं.

एक जण जागा धरून बसणारा आणि ऐकून बोलणारा, दुसरा सतत फिरता आणि न ऐकता बोलणारा. दोन्ही नियमांत बसत होते. दोन्ही आपापल्या परीने विचारपूर्वक घडवलेले होते. आणि २००० च्या सुमाराला हे दोन्ही रेडिओ एकाच लॅपटॉपमध्ये, काही सेंटिमीटरांच्या अंतरावर बसवायचे बेत होऊ लागले.

तिथे काय होत होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. वायफायच्या २२ मेगाहर्ट्झमध्ये ब्लूटूथची साधारण २२ चॅनेलं येतात. ७९ पैकी २२, म्हणजे दर उडीला सुमारे २८ टक्के शक्यता की ब्लूटूथ वायफायच्या अंगणात उतरणार. वायफायचं १,५०० बाइटचं भरलेलं पॅकेट ११ मेगाबिटच्या वेगाने जायला सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास लागतात, तेवढ्यात ब्लूटूथच्या दोन उड्या होतात. यांतली एक जरी नेमकी आत पडली आणि दोन्ही अँटेना जवळ असल्या, तर पॅकेट फुकट. पोच येत नाही. वायफायला टक्कर दिसत नाही, त्याला एवढंच कळतं की पोच आली नाही. त्याच्या घडणीत याचा अर्थ असा धरलेला, की समोरचा फार लांब गेला असावा, तेव्हा सावकाश बोलावं. मग ते वेग उतरवत उतरवत एक मेगाबिटवर येतं. आता तेच पॅकेट जायला १२ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ब्लूटूथच्या १९ उड्या होतात. सावकाश बोलण्यात एक फायदा होता खरा: त्या वेगाला पसरलेला संदेश अरुंद गोंगाटातून बऱ्यापैकी तगतो. पण ब्लूटूथ शेजारी अगदी खेटून बोलत असेल तर तो फायदाही पुरत नसे. टकरीवर उतारा म्हणून जे केलं त्यानेच टकरी वाढत.

ब्लूटूथचंही फार बरं चाललं होतं असं नाही. आवाजाची पॅकेटं हरवली तर तेव्हाच्या आवृत्तीत ती पुन्हा पाठवली जात नसत, त्यामुळे हेडसेटमध्ये खरखर येई आणि शब्द तुटत.

त्या मानाने ओव्हन परवडला. घरगुती ओव्हनचा मॅग्नेट्रॉन विजेच्या प्रत्येक आवर्तनात साधारण अर्धाच वेळ पेटतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर २० मिलिसेकंदांतले दहाएक मिलिसेकंद शांततेचे मिळतात. सव्वा मिलिसेकंदाचं पॅकेट त्या फटीतून निघून जाऊ शकतं. ब्लूटूथच्या उड्या मात्र दिसायला यादृच्छिक, मास्टर उपकरणाच्या पत्त्यावरून आणि घड्याळावरून ठरणाऱ्या. बाहेरच्याला त्यांचा ठाव लागत नाही.

मग ब्लूटूथने वायफायची जागा सोडून उरलेल्या चॅनेलांत उड्या का मारू नयेत? हा प्रश्न कोणालाही सुचेल, त्या अभियंत्यांनाही सुचला. अडचण १९८५ च्या नियमात होती. किमान ७५ वारंवारता वापरायलाच हव्यात, आणि त्याही सारख्याच. ७९ मधून ७५ गेले की उरतात चार. चार चॅनेलं सोडायची मुभा होती, सोडायला हवी होती बावीस. शेजारी समोर दिसतोय, त्याचं काम आपल्यामुळे बिघडतंय हेही कळतंय, आणि तरी नियमाप्रमाणे तुम्हाला त्याच्या अंगणात पाळीपाळीने उतरावंच लागतं. ज्या काळात कोण कुठे बोलतोय हे यंत्राला समजण्याची सोय नव्हती, त्या काळात समान वाटपाचा नियम शहाणपणाचा होता. यंत्रांना कान फुटल्यावर तोच आडवा आला.

आयट्रिपलईच्याच ८०२.१५ या समितीने सहअस्तित्वाच्या प्रश्नासाठी ८०२.१५.२ हा स्वतंत्र गट नेमला. सिंबल टेक्नॉलॉजीज कंपनीचे स्टीव्ह शेलहॅमर त्याचे अध्यक्ष. अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या, म्हणजे एनआयएसटीतल्या, नादा गोल्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतर, शक्ती, पॅकेटची लांबी बदलून बदलून दोघांच्या टकरींची संगणकावर प्रारूपं चालवली. वृत्तपत्रांतून वायफाय ब्लूटूथला गिळणार की ब्लूटूथ वायफायला, अशी कुस्ती लावली जात असताना ही मंडळी किती मीटरवर किती टक्के पॅकेटं जातात याचे आलेख काढत होती. मला या कामाचं फार अप्रूप वाटतं. भांडण कोणाचं खरं हे ठरवण्यात त्यांनी वेळ घालवला नाही.

गटापुढे आलेले उपाय दोन जातींचे होते. पहिल्या जातीत दोन्ही रेडिओ एकाच यंत्रात असल्याचा फायदा घ्यायचा: एकाने दुसऱ्याला विचारून बोलायचं, किंवा वेळ वाटून घ्यायचा. एनआयएसटीकडून आलेली एक कल्पना विशेष होती. ब्लूटूथची पुढची उडी कुठे पडणार हे त्याच लॅपटॉपमधल्या वायफायला आधीच ठाऊक असू शकतं. तेव्हा वायफायच्या ग्रहणयंत्राने नेमका तेवढा एक मेगाहर्ट्झचा पट्टा गाळून टाकावा आणि बाकीचा संदेश वाचावा. दुसऱ्या जातीत दोघे एकमेकांना अनोळखी. विचारायची सोय नाही, ऐकून ओळखायचं आणि बाजूला व्हायचं. खरी गरज या दुसऱ्या जातीची होती, कारण तुमचा हेडसेट आणि शेजारच्या घरातला राउटर यांचा मालक एक नसतो.

पण त्यासाठी नियम बदलायला हवा होता. ३१ ऑगस्ट २००० रोजी आयोगाने एकदा दार किलकिलं केलं होतं. होमआरएफ नावाच्या, घरगुती जाळ्यांसाठीच्या स्पर्धक तंत्राला रुंद चॅनेलं हवी होती. ती द्यायची म्हणून १५ चॅनेलांवरही उड्या चालतील असं ठरलं, पण सगळ्यांचा मिळून पसारा ७५ मेगाहर्ट्झ हवाच. एक मेगाहर्ट्झच्या ब्लूटूथला त्याचा उपयोग शून्य. (होमआरएफचा संघ २००३ च्या आरंभी गुंडाळला गेला.) मे २००२ मध्ये मात्र आयोगाने खरा निर्णय घेतला. उड्या मारणाऱ्या यंत्राने किमान १५ चॅनेलं वापरली तरी पुरे, पण ७५ पेक्षा कमी वापरायची असतील तर शक्ती एका वॉटवरून १२५ मिलिवॉटवर आणायची. ब्लूटूथचं सर्वांत ताकदवान उपकरणही १०० मिलिवॉटचं. त्याला काहीच गमवावं लागलं नाही.

मार्च २००३ मध्ये इंटेलने सेन्ट्रिनो आणलं आणि वायफाय लॅपटॉपच्या पोटातच यायला लागलं. ८०२.१५.२ गटाची शिफारस त्याच वर्षी छापून आली. आणि नोव्हेंबर २००३ मध्ये ब्लूटूथची १.२ ही आवृत्ती आली, तिच्यात अडॅप्टिव्ह फ्रीक्वेन्सी हॉपिंग होतं: पाहून, जागा बघून मारलेल्या उड्या.

ते असं चालतं. ब्लूटूथचं मास्टर उपकरण प्रत्येक चॅनेलवर नजर ठेवतं. कुठे पॅकेटं वारंवार बिघडतात, आपण गप्प असतानाही कुठे गलका ऐकू येतो, जोडलेला हेडसेट काय कळवतो, यावरून ७९ चॅनेलांचा चांगला-वाईट असा नकाशा तयार होतो. तो नकाशा जोडीदाराला पाठवला जातो आणि ठरलेल्या क्षणी दोघे एकदमच तो लागू करतात. उड्यांचा मूळ क्रम तसाच राहतो. फक्त क्रमाने सांगितलेलं चॅनेल वाईट यादीत असेल तर हिशेबाने त्याच्या जागी चांगल्यांतलं एक येतं. परिस्थिती बदलली की नकाशाही बदलतो. याच आवृत्तीत हरवलेली आवाजाची पॅकेटं पुन्हा पाठवण्याचीही सोय आली.

मर्यादा होती, आणि आकड्यांत ती लगेच दिसते. ब्लूटूथने स्वतःला किमान २० चॅनेलांचं बंधन घालून घेतलं. जवळ एक वायफाय असेल तर २२ सोडून ५७ उरतात. दोन असतील तर पस्तीस. पण १, ६ आणि ११ या तिन्ही चॅनेलांवर वायफाय गजबजलेलं असेल तर ६६ जातात, उरतात तेरा. वीस भरण्यासाठी सात ठिकाणी कोणाच्या तरी अंगणात उतरावंच लागतं. आणि १.१ च्या काळातली जुनी उपकरणं ही भाषा जाणतच नव्हती, ती पूर्वीसारखीच सगळीकडे हिंडत राहिली. फोनसारख्या चिमुकल्या यंत्रात तर नकाशाही पुरत नाही. एका चिपचा आवाज दुसरीच्या कानाशीच असल्याने चॅनेल कितीही दूरचं असलं तरी ऐकणं बिघडतं. म्हणून तिथे पहिल्या जातीचा उपाय लागतो. दोन चिपांमध्ये दोन-तीन तारा असतात. एका तारेवर ब्लूटूथ सांगतं की मला बोलायचंय, दुसरीवर किती निकडीचं आहे ते, आणि तिसरीवर वायफाय होकार देतं किंवा थांबवतं.

२०१० मध्ये ब्लूटूथची कमी ऊर्जेची आवृत्ती आली, तेव्हा हा अनुभव आराखड्यातच मुरलेला दिसतो. चॅनेलं ७९ ऐवजी ४०, दोन-दोन मेगाहर्ट्झची. उपकरणाने ‘मी इथे आहे’ अशी हाक देण्यासाठी त्यांतली फक्त तीन राखली: २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ. वायफायच्या १, ६ आणि ११ शेजारी मांडून पाहा. तिन्ही त्यांच्या कडेला आणि मधल्या फटीत बसतात.

भारतात हा पट्टा २००५ च्या जानेवारीत अधिसूचनेने खऱ्या अर्थाने खुला झाला, २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झमध्ये ठरावीक शक्तीपर्यंत परवाना लागणार नाही, घरात काय आणि मैदानात काय. आपल्याला हा उशीर एका परीने पथ्यावर पडला. इथे सर्रास वापर सुरू झाला तोवर तडजोडीचं तंत्र तयार होतं. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गूगलच्या योजनेतलं पहिलं स्थानक म्हणून मुंबई सेंट्रलवर फुकट वायफाय सुरू झालं.

अमेरिकेच्या नियमांत आजही एक कलम आहे. उडी मारणाऱ्या यंत्राने पट्ट्यात दुसरं कोणी आहे हे ओळखून, आपलं आपण ठरवून, भरलेली चॅनेलं टाळायला परवानगी आहे. पण अनेक यंत्रांनी आपसात संगनमत करून, एकाच वेळी एका वारंवारतेवर येऊ नये म्हणून उड्यांचा मेळ बसवायला मनाई आहे. तसं करू दिलं तर एकाच कंपनीची शंभर यंत्रं पाळ्या लावून पट्ट्याचा कण न् कण व्यापतील आणि नव्याने येणाऱ्याला एकही फट मिळणार नाही. त्यामुळे मुंबई सेंट्रलच्या फलाटावर संध्याकाळी हजार जणांच्या कानांत ब्लूटूथ असेल, तर फोन आणि इअरफोनची प्रत्येक जोडी आपापला नकाशा स्वतंत्रपणे काढत असते. गाडी सुटली, माणसं पांगली, पुढच्या स्थानकाचं वायफाय जवळ आलं की तो पुसून नवा काढते.